शून्य मैलाचं देऊळ

आमच्या घरात अंतर तासांत सांगायची रीत नव्हती. घड्याळच मुळात उशिरा आलं. सगळा हिशोब मैलांचा. बाजार तीन मैल, मोठ्या आत्याचं सासर सव्वाचार मैल, नागपूर साठाच्या वर. आजा तर माणसाचा स्वभावही मैलांत सांगायचा. उधारी बुडवणाऱ्या एकाबद्दल म्हणायचा, "तो दोन मैलांचा मानूस हाये, तिसऱ्या मैलावर सापडनार नाही." आजा सरकारी सडकेवर मैलकुली होता, तेव्हा त्याच्या तोंडी दुसरं काय येणार?

मैलकुली म्हणजे काय हे आता पोरांना सांगावं लागतं. नागपूरहून भंडारा, लाखनी, साकोली, देवरी करत रायपूरकडे जाणारा जो रस्ता, त्याला इंग्रजांच्या कागदांत ग्रेट ईस्टर्न रोड म्हणत. आमच्याकडची म्हातारी माणसं त्याला नुसतं 'सडक' म्हणत. दुसरी सडक माहीतच नसायची ना! या सडकेचे तुकडे पाडून एकेका माणसाकडे सोपवलेले असत. खड्डा पडला की मुरूम टाकायचा, कडेचं गवत छाटायचं, पावसाळ्याआधी नाल्या उपसायच्या, चिंचेच्या नि करंजाच्या खोडांना चुना नि गेरूचे पट्टे मारायचे. आणि दरवर्षी मैलाचे दगड पांढरे करून त्यावरचे आकडे काळ्या रंगानं पुन्हा गिरवायचे. आजा शाळेत गेला नव्हता. पण आकडे गिरवता गिरवता तो आकडे शिकला. अक्षरं मात्र त्याला शेवटपर्यंत चित्रांसारखीच वाटत. 'नागपूर' हा शब्द तो डोळे मिटून काढू शकायचा, पण 'नागझिरा' लिही म्हटलं तर 'नाग' काढून थांबायचा.

ही नोकरी आमच्या घरात दुष्काळातून आली, असं आजी सांगायची. छप्पनचा दुकाळ. संवत 1956, म्हणजे इंग्रजी 1899-1900. त्याच्या दोन-तीन वर्षं आधी 1896-97 चा एक होऊन गेला होताच. पणजा दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला आणि पाऊस आल्यावरही परत आलाच नाही, सडकेलाच चिकटला. कोणी म्हणतं त्याला मुकादमानं ठेवून घेतलं. कोणी म्हणतं घरी खायला तोंडं जास्त होती म्हणून तोच राहिला. पणजी त्या सालांत कोणती मुळं उकडून खात होते ते नावानिशी सांगायची म्हणे. ती नावं आता घरात कोणाच्याच ध्यानात नाहीत. मोहफुलं होती म्हणून जीव राहिला, एवढंच वाक्य शिल्लक आहे. आजी मोह पडायच्या दिवसांत झाडाखालची पहिली ओंजळ वेचताना कपाळाला लावायची, ती त्यामुळे असावी.

गाव नागझिऱ्याच्या अंगाला. साकोलीहून पिटेझरीकडे वळलं की जंगल सुरू होतं असं आता म्हणतात. आजाच्या काळी जंगल सडकेपर्यंतच होतं, आणि कधी कधी सडकेवर. त्याचा ठेवणीतला किस्सा असा. एका संध्याकाळी मैलाच्या दगडाला चुना मारून तो डबा धुवायला नाल्यावर गेला. परत येतो तर दगडाशी वाघ. खाज सुटल्यासारखा दगडाला पाठ घासतोय. चुना ओला. वाघ निघून गेला तो पाठीवर एक पांढरा पट्टा जास्तीचा घेऊन. पुढे महिनाभर नागझिऱ्याच्या तलावावर पाणी प्यायला येणारा पांढऱ्या पट्ट्याचा वाघ गुराख्यांना दिसत होता. "माहा वाघ," आजा म्हणायचा. व्यंकटेश माडगूळकरांचं 'नागझिरा' आमच्या शाळेच्या कपाटात आलं तेव्हा मी मास्तर झालो होतो, चांगला कळता होतो, तरी पानं उलटताना आधी तो वाघच शोधला. 1970 मध्ये तिथे अभयारण्य झालं, 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. आता वाघांना क्रमांक असतात. आजाच्या वाघालाही एक प्रकारे क्रमांकच होता, कितव्या मैलावरचा ते तो न चुकता सांगायचा. मात्र दर वेळी मैल वेगळा.

आजी त्याला शिदोरी पळसाच्या पानात बांधून द्यायची. भाताचा मुटका, जवसाची चटणी, नाहीतर वाळलेल्या झिंग्यांची. पावसाळ्यात तरोट्याची भाजी, मग वास्ते निघाले की वास्त्यांची. लाखोरीची डाळ तर बारा महिने. तो दुपारी करंजाच्या सावलीत बसून जेवायचा आणि पान तिथेच गायीला घालायचा. आम्हा पोरांना सुट्टीत शिदोरी पोचवायला पाठवलं की तो त्यातला घास काढून द्यायचा, आणि घरी जेवून आलेलो असलो तरी सडकेवरच्या त्या घासाची चव काही निराळीच लागायची. धुळीची चव असणार. असो.

आता आजाच्या मुंबईचं. सडकेची पाहणी करायला ओव्हरसियर यायचे आणि डाकबंगल्यात उतरायचे. आजा मग दिवसभर सडकेवर आणि रात्री बंगल्याच्या पडवीत, पाणी तापव, कंदील पूस अशा कामांना. अशाच कोणा साहेबानं एकदा त्याला सांगितलं की मुंबईचे सगळे मैल एका देवळापासून मोजलेले आहेत. शून्य मैल देवळाच्या दारात. तिथून पहिला मैल, दुसरा मैल, करत करत गावाबाहेर. आजाला हे फार आवडलं. तो गावात सगळ्यांना सांगत सुटला. आजीनं लगेच ठरवून टाकलं की ते मुंबादेवीचंच देऊळ, मुंबईत दुसरं कोणतं असणार? शाळेतल्या त्या वेळच्या गुरुजींनी मात्र हसून वाटेला लावलं. अंतरं पोस्टापासून मोजतात, कचेरीपासून मोजतात, देवळापासून कोण मोजतो? त्यानंतर मंडईच्या जत्रेत नाटकाला लोक जमले की कोणीतरी विचारायचंच, "का गा, मुंबईच्या देवानं आज किती मैल पाठवले?" आजा चिडायचा नाही. पण बोलणंही मागे घ्यायचा नाही.

पुढे सरकारनंच त्याची सडक हलवली. आमचा मुलूख तोवर जुन्या मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर. साठ-बासष्ट मैलांवर सरकार, म्हणजे हाकेच्या अंतरावर. 1955 मध्ये राज्य पुनर्रचना आयोगानं विदर्भाचं वेगळं राज्य करावं असं सुचवलं, आणि 1 नोव्हेंबर 1956 ला प्रत्यक्षात आम्ही गेलो द्वैभाषिक मुंबई राज्यात. पारावर महिनाभर वाद चालले होते म्हणे. एक बाजू म्हणे मराठी माणूस एका घरात आला पाहिजे. दुसरी म्हणे घर मोठं झालं की आपली ओसरीत सोय होते. दोन्ही बाजूंचं म्हणणं मला अजून पटतं, त्यामुळे हा वाद मी वाढवत नाही. आजाचा प्रश्न वेगळाच होता. आपली सडक आता मुंबईची झाली, तर मैल कुठून मोजणार? देवळापासून?

त्याला उत्तर मिळायच्या आत मैलच गेले. आधी 1957 मध्ये नवे पैसे आले, मग 1958 पासून दशमान पद्धत, आणि हळूहळू सडकेवर किलोमीटरचे दगड. "मैलच गेले तं मैलकुली कायले ठेवते?" असं तो रात्री आजीला विचारायचा, हे बाबांनी ऐकलेलं. नोकरी राहिली, नावही तेच राहिलं. पण नव्या दगडांवरचे आकडे त्याच्या हिशोबात कधी बसले नाहीत. जुना एक दगड गावातल्या विहिरीवर आला आणि बायका त्यावर धुणं आपटू लागल्या. त्यावरचा आकडा बरीच वर्षं दिसायचा. आजा विहिरीवर गेला की पायानं त्यावरचा फेस बाजूला सारायचा. आजी म्हणायची, बाईमाणसांत काय उभा राहतो हा म्हातारा!

आईकडच्या माणसांची मुंबई निराळी होती, कापूस जायचा ती. तिचं माहेर हिंगणघाटकडचं, कापसाचं. हिंगणघाटचा 'बनी' कापूस साऱ्या हिंदुस्थानात नावाजलेला होता, हे आई स्वतः पेरल्यासारखं सांगायची. तिच्या आज्याच्या आज्याच्या तोंडची एक गोष्ट त्या घरात फिरत आली होती. सातासमुद्रापलीकडे दोन भावांचं भांडण लागलं आणि इकडे कापसाला सोन्याचा भाव आला. पोळ्याला बैलांच्या शिंगांत चांदीचे तोडे घातले गेले. मग एक दिवस तिकडचे भाऊ एक झाले आणि इकडे चांदी उतरवून विकावी लागली. मोठेपणी पुस्तकात वाचलं तेव्हा कळलं की हे अमेरिकेतलं यादवी युद्ध, 1861 ते 1865. दोन भाऊ म्हणजे उत्तर आणि दक्षिण. कापूस वेचणाऱ्या माणसांनी आपल्या मापानं ते युद्ध घरात आणून ठेवलं होतं, आणि फारसं चुकीचं आणलं नव्हतं. बैलांच्या तोड्यांचं मात्र खरं-खोटं देव जाणे. आईच्या माहेरी चांदीचा एक गुंजभर तुकडाही मी कधी पाहिला नाही.

तर असा हा दोन्हीकडचा वारसा डोक्यात घेऊन मी गेल्या पावसाळ्यात लेकीकडे मुंबईला गेलो. गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेस निघते, ती सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला सोडते. बायकोनं पिशवीत लाखोरीच्या डाळीचे वडे नि मोहाचे लाडू दिले होते. लाडवांचा वास आला तसं शेजारच्या बाकावरच्या तरुणानं नाक वळवलं. थोड्या वेळानं म्हणाला, "काका, हे दारूचं फूल ना?" त्याला एक लाडू दिला. वर्ध्यापर्यंत त्यानं आणखी दोन खाल्ले.

लेकीचं ऑफिस फोर्टात. तिनं अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली आणि आम्ही स्टेशनवरून चालत निघालो. पाऊस भुरभुरत होता. हुतात्मा चौकात थांबलो. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गोळीबारात गेलेल्यांचं स्मारक इथे 1961 मध्ये उभं राहिलं. आमच्या पारावरच्या वादाचं दुसरं टोक हेच. शेजारी फ्लोरा फाउंटन, 1864 चा. हे कारंजं जिथे आहे तिथे पूर्वी कोटाचा दरवाजा होता, चर्चगेट. स्टेशनच्या नावात तो उरला. 1860 च्या दशकात बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना कोटाच्या भिंती पाडल्या आणि दरवाजाही गेला. पण दरवाजाला ज्याचं नाव होतं ते चर्च अजून आहे. लेक म्हणाली, "बाबा, तुमचं देऊळ समोरच आहे."

वीर नरिमन रोडनं थोडं पुढे गेलं की डाव्या हाताला ते लागतं. सेंट थॉमस कॅथीड्रल. मुंबईतलं इंग्रजांचं पहिलं अँग्लिकन चर्च. आणि मुंबईचे जुने मैल खरोखरच इथून मोजलेले होते. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात इंग्रजांनी शहरात काळ्या बसाल्टचे मैलाचे दगड बसवले, रोमन आकड्यांचे, आणि अंतर धरलं ते या चर्चपासून. त्यातले काही रस्त्यांच्या नि फुटपाथांच्या पोटात गडप झाले होते, ते अलीकडे महापालिकेनं उकरून काढले. लेकीनं फोनवर फोटो दाखवला. जमिनीतून गुडघाभर वर आलेला दगड, त्यावर आकडा आणि संत थॉमसचं नाव. चुना मात्र नव्हता. मला ते अपुरं वाटलं. दगडाला चुना हवाच.

म्हणजे आजाच्या साहेबानं थाप मारली नव्हती. देऊळ होतंच. मुंबादेवीचं नव्हतं, इतकंच.

या देवळाची जन्मकथा आमच्या गावच्या मारुतीच्या सभामंडपासारखी निघाली. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरनं 1676 मध्ये पाया घातला. तो पुढच्याच वर्षी सुरतेला वारला. भिंती पंधरा फुटांपर्यंत आल्या आणि अडकल्या त्या जवळजवळ चाळीस वर्षं. पावसानं धुवायच्या, गवत उगवायचं. मग रिचर्ड कॉब नावाचा पाद्री आला, 1715 च्या सुमारास त्यानं लोकांच्या मागे लागून काम पुन्हा हाती घेतलं, आणि 1718 च्या नाताळच्या दिवशी चर्च उघडलं. प्रत्येक अडलेल्या सभामंडपाला असा एक मागे लागणारा माणूस लागतोच. आमच्याकडे तो पोस्टमास्तर होता. त्यानं पत्रं वाटता वाटता वर्गणी गोळा केली.

1837 मध्ये या चर्चला कॅथीड्रलचा दर्जा मिळाला, पाठोपाठ बुरूज उभा राहिला. जुनं अंग सरळ, उंच, अभिजात वळणाचं. पूर्वेकडचा भाग मागाहून जोडलेला, त्याच्या कमानी टोकदार गॉथिक. दारासमोर कारंजं आहे, कावसजी जहांगीर रेडीमनी या पारशी शेटजींनी दिलेलं आणि गिल्बर्ट स्कॉट या मोठ्या इंग्रज वास्तुकारानं आखलेलं. मी पावसात उभा राहून पायरीपाशी वाकून पाहत होतो. पहारेकऱ्यानं विचारलं, "काय पडलं का काका?" त्याला काय सांगणार, शून्य शोधतोय म्हणून?

आत गेलो. आत बाहेरच्यापेक्षा गार. भिंतीभर संगमरवरी स्मारकं. समुद्रावरच्या लढाईत मेलेला कप्तान, तापानं गेलेले कारकून, बाळंतपणात गेलेल्या बायका. वयं वाचत गेलो आणि मास्तराच्या सवयीनं मनातल्या मनात हजेरी घेत गेलो. वीस, तेवीस, एकोणीस. आमच्या शाळेतून बारावी होऊन बाहेर पडलेल्या पोरांच्या वयाचे. मुंबईत उतरलेला गोरा माणूस दोन पावसाळे काढेल की नाही, असं त्या काळी त्यांच्यातच म्हणत. जोनाथन डंकन या गव्हर्नरचं स्मारक आहे, 1811 मध्ये वारला तो. काशी आणि काठियावाडात लेकी मारायची चाल बंद करण्यासाठी तो झटला, ते त्याच्या स्मारकावर कोरलंय. लेक तिथे बराच वेळ थांबली. मी काही बोललो नाही. आमच्या घरात पहिल्या बाळंतपणाला लेक झाली की आजी सुईणीला दुप्पट धान द्यायची. लोक विचारायचे कशाला, तर म्हणायची, "पोरगी आली तं घरात बोलाले मानूस आलं."

माझं पाहिलेलं पहिलं चर्च नागपूरचं, सदरमधलं ऑल सेंट्स. बाबांबरोबर त्यांच्या कुठल्याशा कागदाच्या कामाला गेलो होतो, तेव्हा बाहेरूनच पाहिलं. त्याच खेपेला बाबांनी झिरो माइलही दाखवला होता. वाळूच्या दगडाचा खांब, शेजारी घोडे. सर्वेक्षणवाल्या इंग्रजांनी 1907 मध्ये समुद्रसपाटीपासूनच्या उंचीची खूण म्हणून तो बसवला. खांबापाशी हैदराबाद, चांदा, जबलपूर अशी गावांची अंतरं कोरलेली. नागपूरकर त्याला देशाचा मध्य म्हणतात. जाणकार त्यावर वाद घालतात, नागपूरकर ऐकत नाहीत, आणि मी नागपूरकरांच्या बाजूचा. बाबांनी खांबाकडे बोट दाखवून म्हटलं होतं, "तुझ्या आज्याची सडक इथून निघते." ते बरोबर होतं की बाबांनी आपलं जोडून दिलं, कोण सांगणार? पण त्या दिवशी मला आजा एकदम मोठा सरकारी माणूस वाटला.

चर्चच्या पुढे आलं की तो गोल चौक, हॉर्निमन सर्कल. मधोमध बाग, भोवती अर्धगोलात उभ्या एकसारख्या दगडी इमारती, कमानींचे पदपथ. पावसात या कमानींखाली चालणं मोठं सुखाचं. पूर्वी मोठं, मोकळं हिरवं मैदान होतं इथे, बॉम्बे ग्रीन. आणि त्या मैदानावर काय पडलेलं असायचं? कापूस! गाठींचे ढीगच्या ढीग, तोलणारे, दलाल, हमाल, पावसाळ्याआधी बोटीत चढवायची घाई. लोक कॉटन ग्रीनच म्हणत. 1840 च्या दशकात तो बाजार कुलाब्याला हलवला. मैदान उकिरडा झालं. मग चार्ल्स फोर्जेट या पोलीस कमिशनरच्या डोक्यात आलं की इथे गोल चौक बांधावा. 1872 च्या सुमारास तो पुरा झाला. तेव्हाचं नाव एल्फिन्स्टन सर्कल.

कापूस कुलाब्याला गेला तरी पैसा इथेच राहिला. 1850 च्या दशकात टाउन हॉलसमोरच्या वडाखाली शेअरदलाल जमायचे. त्यांचीच पुढे 1875 मध्ये संस्था झाली, आताचं शेअर बाजार म्हणतात ते. अमेरिकेतल्या दोन भावांचं भांडण चाललं होतं तेव्हा या चौकाच्या आसपास रोज नवी कंपनी निघत होती, समुद्र बुजवायच्या कंपन्यांचे शेअर हातोहात खपत होते. प्रेमचंद रायचंदच्या नावावर लोक डोळे झाकून पैसे लावत. 1865 च्या वसंतात युद्ध संपल्याची बातमी आली आणि सगळं कोसळलं. आमच्याकडे रेल्वे यायला तर तोवर उशीरच झाला होता, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोचली 1867 मध्ये. म्हणजे हिंगणघाटच्या माणसाला तेजीतला कापूस बैलगाडीनं न्यावा लागला आणि मंदी मात्र आगगाडीनं घरपोच आली. आईला हे सांगायला हवं होतं. ती नक्की म्हणाली असती, "मी नोहती का सांगत, बैलांचे तोडे खरे होते!"

चौकाला नाव दिलंय ते बेंजामिन हॉर्निमन यांचं. 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक. इंग्रज असून इंग्रज सरकारला झोडपणारे. 1919 च्या एप्रिलमध्ये, पंजाबातल्या अत्याचारांना वाचा फोडल्याबद्दल सरकारनं त्यांना देशाबाहेर काढलं. स्वातंत्र्यानंतर चौकाला त्यांचं नाव मिळालं. जवळच 'मुंबई समाचार'ची लाल इमारत, 1822 पासून निघणारं गुजराती वर्तमानपत्र. एवढ्याशा गोलात देव, कापूस, सट्टा आणि छापखाना, चारही मांडीला मांडी लावून बसलेले.

समोर टाउन हॉल. कर्नल थॉमस कूपर या लष्करी इंजिनिअरनं आखलेला, 1833 मध्ये पुरा झाला. पुढे ग्रीक धाटणीचे जाडजूड डोरिक खांब. वर एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय, तिची मूळ संस्था 1804 ची. पायऱ्या मी मोजल्या नाहीत, गुडघ्यांनी मोजल्या. वरून मागे वळून पाहिलं की खाली बाग आणि बागेमागे चर्चचा बुरूज, एका रेषेत. वर बसून लेकीनं डबा उघडला. पायऱ्यांवर कॉलेजची पोरं फोटो काढत होती, त्यांना वडे दिले. एकीनं विचारलं ही कसली डाळ? सांगितलं लाखोरी. तिनं कधी ऐकली नव्हती. आमच्या धानाच्या बांध्यांत भात कापायच्या आधीच हिचं बी फेकतात, ओलीवर उगवते, पाणी मागत नाही, काही मागत नाही, एवढं सांगेस्तोवर वडे संपले.

रात्री डोंबिवलीला लेकीच्या घरून मोठ्या आत्याला फोन लावला. आत्या म्हणजे आजाची थोरली लेक, नव्वदीच्या आसपास. तिची जन्मतारीख कोणाला माहीत नाही, पण छोटा भाऊ झाला तेव्हा ती गुरं राखायला जात होती, त्यावरून हिशोब लावायचा. कानांनी कमी ऐकते, पण फोनवर बरोबर ऐकते. तिला सगळं सांगितलं. देऊळ सापडलं, मुंबईचे मैल तिथूनच मोजले होते, आजाचं म्हणणं खरं होतं.

"बाबाचं नोहतं ते," आत्या म्हणाली.

"म्हणजे?"

"बाबाले कोनी साहेबानं नाही सांगलं गा. ते मायनं सांगलं होतं. माय नागपूरच्या दवाखान्यात होती ना, मुराबाईच्या, माह्या पाठच्या पोटी होता तवा."

आत्याच्या तोंडी मुराबाईचा दवाखाना म्हणजे मुर मेमोरियल, सीताबर्डीवरचं स्कॉटिश मिशनचं बायकांचं हॉस्पिटल. तिथे आजी बरेच दिवस पडून होती. शेजारच्या खाटेवर की देखभालीला, एक मुंबईची ख्रिस्ती बाई होती. तिनं आजीला आपल्या गावच्या गोष्टी सांगितल्या, त्यातली ही एक. तिच्या गावात देवाच्या दारातून मैल मोजतात. आजी घरी आली नि आजाला सांगितली. आजानं पुढे त्यात साहेब घातला, कारण बायकोनं सांगितलं म्हटलं तर सडकेवर कोण ऐकणार? आणि मग मुंबादेवी? मी विचारलं, आजी तर मुंबादेवी म्हणायची.

"ते तं लोकांसाठी म्हने. नाहीतं म्हनतीन दवाखान्यात जाऊन बाटली."

मी थोडा वेळ गप्प. आजी गेल्याला इतकी वर्षं झाली, तिला मी मुंबईविषयी कधी विचारलंच नव्हतं. विचारायचं ते आजाला. ती चुलीपाशी असायची.

"आत्या, त्या बाईचं नाव काय होतं?"

"मले का मालूम? माय तिले 'मुंबईवाली' म्हने. ते मुंबईवाली मायले चहा पाजे, कपात. मायनं तिथंच पयल्यांदा कपात चहा पेला." मग तिचा आवाज एकदम कामाचा झाला. "बरं आयक, तिकडं पानी हाये का? इकडं दोन दिसांपासून झड लागली. परे तयार हायेत, रोवन्याले बाया भेटून नाही राहिल्या. तू येतं कवा? अना येतानी पोरीले घेऊन ये, तिनं अजून रोवना नाही पायला."

लेक शेजारीच बसली होती. फोन तिच्याकडे दिला.